इनासिणीचा उलटा टाका

इनासिणीला कुणाचं चांगलं बघवत नाही, हे आमच्या वाड्यावर शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. शेजारणीची कोंबडी दोन अंडी जास्त घालते म्हणून तीन दिवस तोंड फुगवून बसणारी बाई ही. कुणाच्या दारात गॅसची टाकी उतरली की हिच्या पोटात आग पडते. बारसं असलं की पाळण्यात डोकावून म्हणणार, "नाक बापाचं घेतलंन वाटतं, अरेरे." पण जे काय ते तोंडावर. पाठीमागून कुजबुजायची सवय तिला नाही, एवढा एक गुण तिच्यात आहे, आणि तो मान्य करायला हवा.

दुसरा गुण म्हणजे तिचा हात. यल्लापूरपासून हल्याळपर्यंत आम्हा हबशी वंशाच्या सिद्द्यांचे जेवढे वाडे रानात पसरलेत, त्यात हिच्यासारखी कवंदी, म्हणजे आमची गोधडी, शिवणारी दुसरी बाई दाखवा. जुन्या लुगड्यांचे तुकडे एकमेकांवर रचून ती अशी शिवते की पोर त्या कवंदीवर दहा वर्षं मुतलं तरी धागा सुटत नाही. आता शहरातल्या बायका गाडी करून येतात, हिच्या कवंद्या भिंतीला लावायला नेतात. भिंतीला! थंडी काय भिंतीला वाजते? पण नेतात.

एक मात्र आहे. कवंदीच्या चार कोपऱ्यांवर कापडाचे दुमडलेले तिकोनी तुकडे लावायचे असतात, त्यांना आम्ही फुलं म्हणतो. फुलं लावल्याशिवाय कवंदी घराबाहेर काढायची नाही. तशी कवंदी नागडी. इनासीण आख्खी कवंदी शिवते आणि फुलं लावायला दुसरीच्या मांडीवर टाकते.

"फुलं लावताना बोटं झडतात काय गो तुझी?" बाया विचारतात.

"तुझी जीभ झडू दे आधी, मग माझी बोटं बघ," ती म्हणते, आणि विषय तिथेच संपतो.

तो विषय का संपतो, हे फक्त कुस्तीन मावशीला ठाऊक होतं. मावशी गेल्या वर्षी गेली.

इनासिणीची आई बाळंतपणात वारली. तिला कुस्तीन मावशीनंच वाढवली, स्वतःच्या लुर्दीनबरोबर. दोघींत चार महिन्यांचं अंतर. एकाच ताटात जेवल्या, एकाच चटईवर निजल्या. पण लुर्दीनचा बाप कुमट्याकडचा लॉरीवाला, जातीचा वेगळा, रंगानं उजळ. तो दोन वर्षं राहिला आणि लाकडाच्या खेपेबरोबर निघून गेला. जाताना एक चीज मागं ठेवून गेला, ती म्हणजे लुर्दीनचे केस. सरळ, काळेभोर, कंबरेपर्यंत. रोज सकाळी मावशी उंबऱ्यावर बसून त्या केसांना खोबरेल लावायची, वेणी घालायची आणि शेवटी अबोलीचा गजरा माळायची. इनासीण समोर बसून बघायची. तिचे केस आमच्या सगळ्यांसारखे, बारीक घट्ट गुंडाळ्यांचे. त्यात कंगवा मोडायचा, गजरा कसला टिकतोय. मावशी महिन्यातून एकदा ते कात्रीनं भादरायची आणि म्हणायची, "झालं गो, मोकळी झालीस." मोकळी म्हणे! इनासिणीला वाटायचं, एकदा, फक्त एकदा, मावशीनं तिच्याही डोक्यावर एवढा वेळ घालवावा. पोट दुखतं तसं ते तिला दुखायचं.

सातवीनंतर पाद्रींनी खटपट करून दोघींना तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहात जागा मिळवून दिली. जायच्या आदल्या दिवशी मावशीनं इनासिणीला परसात नेलं.

"लुर्दीनचं नाव मी लता नायक लिहवलंय. बापाचं आडनाव. ती वेगळ्या बसनं जाईल. तिथं तू तिला ओळखत नाहीस, ती तुला ओळखत नाही. एवढं कर, पोरी. तिला तरी त्रास नको."

तिला तरी. हे दोन शब्द इनासिणीच्या काळजात काट्यासारखे रुतले, ते आजपर्यंत निघालेले नाहीत. म्हणजे हिला त्रास होणार हे मावशीनं धरूनच चाललं होतं.

मावशीनं दोघींना नव्या कवंद्या शिवून दिल्या. इनासिणीच्या कवंदीला चार लाल फुलं. लुर्दीनच्या कवंदीला एकही नाही. कापडसुद्धा दुकानातल्या चिटाचं, एकसारखे चौकोन कापून, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं बाजारातून आणलीय. जन्मात पहिल्यांदा मावशीनं नागडी कवंदी घराबाहेर काढली. लुर्दीनला तिनं सुईला हात लावायलाही कधी शिकवलं नव्हतं. टाका चालला की सिद्दीण ओळखू येते, असं ती म्हणायची. इनासिणीला मात्र शिकवलं होतं, समोरासमोर बसवून, कारण ती डावखुरी होती आणि बाजूला बसून तिला जमत नव्हतं.

वसतिगृहात पहिल्याच दिवशी इनासिणीला शैलजा भेटली. सुपारीच्या बागायतदाराची लेक, दहावीत, सगळ्या पोरी तिच्या मुठीत. तिच्या बापाच्या बागेत आमचेच लोक राबायचे. शैलजानं इनासिणीकडं बघितलं आणि पेन्सिल काढून तिच्या केसांत खुपसली. पेन्सिल उभी राहिली. पोरी खदाखदा हसल्या.

"दुसरी आण गं. किती मावतात बघू."

तो मग रोजचा खेळ झाला. पाच, सात, नऊ. पेन्सिल पडली की तिला शिक्षा. तिचं ताट वेगळं, तिचा लोटा दाराबाहेर. "मुंग्यांची चटणी खाता ना गं तुम्ही? आज आमटीत मुंगी पडलीय, ये, तुझा सण आहे." कधी तोंडाला पावडर फासायच्या आणि आरसा दाखवायच्या. अक्का, म्हणजे वसतिगृहाची बाई, बघून न बघितल्यासारखं करायची. एकदाच म्हणाली, "चेष्टा आहे गं, मनावर काय घेतेस."

आणि लता नायक शैलजाच्या पलंगाशेजारी निजायची. शैलजाच्या कंगव्यानं केस विंचरायची, तिच्या घरून आलेले लाडू खायची, अबोलीचा गजरा अर्धा-अर्धा वाटून घ्यायची. इनासीण कोपऱ्यातून बघत राहायची. शैलजाचा तिला राग यायचा, पण तो राग उन्हासारखा होता, सगळ्यांवर सारखाच पडणारा. लुर्दीनचं तिला जे वाटायचं ते वेगळं होतं. शैलजा झाली तरी परकीच. ही तिच्या ताटातली होती.

एके दिवशी शैलजा म्हणाली, "लता, आज तू खुपस. तू अजून एकदाही खुपसली नाहीस."

लुर्दीन पेन्सिल घेऊन आली. इनासिणीच्या डोळ्यांत तिनं बघितलं नाही. पेन्सिल हळूच, अगदी हळूच खोचली, दुखू नये म्हणून. पोरी म्हणाल्या, "बघा, हिचा हात किती हलका!" दुपारी पाण्याच्या हौदाशी लुर्दीन तिला एकटी गाठून कुजबुजली, "दुखलं काय गो?"

"चालती हो," इनासीण म्हणाली. "तुझा गजरा सुकलाय, बदल जा."

नाताळच्या सुट्टीत दोघी घरी आल्या, अंथरुणं धुवायला घेऊन. परत जायच्या दिवशी सकाळी मावशी बागेत कामाला गेली होती, लुर्दीन नदीवर. लुर्दीनची कवंदी कुंपणावर वाळत होती. इनासिणीनं ती ओढली. मावशीच्या चिंध्यांच्या पेटीतून लाल तुकडे काढले, तिकोनी दुमडले, आणि ओसरीवर बसून चारही कोपऱ्यांवर फुलं लावली. कुणी विचारलं असतं तर ती म्हणणार होती, नागडी होती म्हणून लावली, त्यात काय पाप? कुणी विचारलं नाही. मग तिनं कवंदी गुंडाळली, फुलं आत दडवून, दोरी बांधली आणि लुर्दीनच्या पिशवीशेजारी ठेवली. मावशी आली तेव्हा बसची वेळ झाली होती.

वसतिगृहात लुर्दीननं सगळ्यांसमोर अंथरूण उलगडलं.

शैलजा आधी हसली. "अगं, हे कुठून आणलंस? आमच्या गोठ्यापाशी कामवाल्यांच्या कुंपणावर असलीच असतात. हे कोपरे बघ. ही तर सिद्द्यांची!"

लुर्दीनचा चेहरा पांढराफटक पडला. कोपऱ्यांकडं ती अशी बघत राहिली की जणू साप निघाला. "बा... बाजारातून आणलीय."

"मग शी, टाकून दे ना! उकिरड्यावर टाकून ये. आत्ता."

इनासीण दाराशी उभी होती. आता टाकेल, तिला वाटलं. टाकेल, हसेल आणि सुटेल. मनातल्या मनात ती म्हणत होती, टाक, टाक, म्हणजे मी मावशीला जाऊन सांगेन. लुर्दीननं कवंदी उचलली. दारापर्यंत आली. आणि तिथेच खाली बसली, कवंदी छातीशी धरून.

"नाही टाकणार," ती म्हणाली. "माझ्या आईनं शिवलीय."

पुढचे अकरा दिवस पोरींनी इनासिणीला हात लावला नाही. त्यांना वेळच नव्हता. इनासीण निदान सिद्दीण म्हणून आली होती. हिनं तर फसवलं होतं, एका कंगव्यानं केस विंचरले होते, एका ताटातला लाडू खाल्ला होता. त्यांनी तो कंगवा तिच्यासमोर जाळला. तिची गादी जिन्याखाली टाकली. "नायक म्हणे! कुठल्या झाडावरची नायक गं तू?" अकराव्या दिवशी चौघींनी तिला धरली आणि शैलजानं शिवणवर्गातल्या कात्रीनं तिची वेणी मुळापासून कापली. इनासीण हौदापाशी लोटा घासत होती. तिला किंकाळी ऐकू आली. ती उठली नाही.

आणि खरं सांगायचं तर, आधी तिला बरं वाटलं. एक क्षणभर. मग घासलेला लोटा तिनं पुन्हा घासायला घेतला.

लुर्दीन घरी आली ती डोक्याला फडकं बांधून. इनासीण तिच्या मागोमाग, अक्कानं पोचवायला धाडलेली. लुर्दीननं कवंदी आईच्या अंगावर फेकली.

"का लावलीस फुलं? का? एवढं सगळं केलंस आणि चार तुकड्यांवाचून जीव राहिला नाही तुझा? नागडी राहिली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?"

मावशीनं कवंदी उचलली. एक कोपरा उजेडाकडं धरला. फुलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग दाराकडं बघितलं, जिथं इनासीण उभी होती.

"हो गो," मावशी म्हणाली. "मीच लावली. चुकलं माझं."

लुर्दीन महिनाभर आईशी बोलली नाही. मग मडगावला एका घरी पोर सांभाळायला निघून गेली. तेरा वर्षांची होती. जाताना ती कवंदी मात्र घेऊन गेली. पुढं तिकडेच लग्न केलं, मुलं झाली. आईला ना पत्र, ना निरोप. मावशी दरवर्षी नाताळाला दोन ताटं वाढायची, एक इनासिणीचं, एक रिकामं.

इनासीण शिकली. दहावी झाली, अंगणवाडीत लागली. लग्न झालं ते पाच घरं सोडून, म्हणून मावशी कायम जवळच राहिली. संध्याकाळी दोघी ओसरीवर कवंदी शिवत बसायच्या, समोरासमोर. लुर्दीन होती तेव्हा मावशीच्या दोन हातांतला एकही इनासिणीच्या वाट्याला आला नव्हता. आता दोन्ही आले. हवं होतं तेच मिळालं, आणि ते असं मिळालं होतं की सुखानं गिळता येईना.

एका संध्याकाळी, कितीतरी वर्षांनी, मावशी शिवता शिवता म्हणाली, "सगळ्या बायांचा टाका उजवीकडं कलतो. तुझा डावीकडं. मीच शिकवलाय, मला कळणार नाही?"

इनासिणीच्या हातातली सुई थांबली.

"मग बोलली का नाहीस, मावशी?"

"एक पोर शाळा सोडून घरी आली होती. तुझं नाव घेतलं असतं तर दुसरीपण आली असती. आणि पाप काय तुझं एकटीचं होतं? एकीला झाकायला निघाले आणि दुसरीला उघड्यावर टाकली, ते कुणी केलं?" मावशीनं धागा दातानं तोडला. "पण ती भेटली कधी, तर सांग तिला. माझ्यानं नाही होणार ते."

तेव्हापासून इनासीण कवंदीला फुलं लावत नाही.

मावशी गेली तेव्हा मडगावला फोन केला होता. लुर्दीन आली नाही. आणि इनासिणीला, देवा क्षमा कर, हायसं वाटलं. मातीला तीच उभी राहिली, क्रूस तिनंच लावला, दर रविवारी मेणबत्तीही तीच लावते. सगळी मावशी तिची एकटीची झाली होती.

आणि आता गेल्या पंधरवड्यात, भर दुपारी, लुर्दीन तिच्या दारात उभी राहिली. अंगानं भरलेली, हातात सोन्याच्या बांगड्या, केस मानेपर्यंत कापलेले. पुन्हा तिनं ते कधी वाढवलेच नव्हते. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत ती कवंदी.

"ओळखलंस?"

"बांगड्या जड दिसतात," इनासीण म्हणाली. सवयच ती.

लुर्दीन हसली. आत येऊन बसली, पाणी प्यायली, मोबाइलवर नातीचा फोटो दाखवला. नात गोरी, केसांच्या दोन शेंड्या. इनासिणीच्या पोटात जुनं दुखणं हललं. स्वतःची तिला तीन पोरं, पण कुणाच्या घरचा फोटो बघून आजवर तिचं भलं झालेलं नाही.

"नातीला हिच्याशिवाय झोप येत नाही," लुर्दीननं कवंदी पसरली. "एक कोपरा सुटलाय. तिकडे कुणाला जमत नाही. तू दे लावून. आईकडं जायचं नव्हतं मला, म्हणून इतकी वर्षं आले नाही. मातीलाही आले नाही, इनास. त्या चार तुकड्यांपायी. वाईट होती गो ती, माझ्यापरीस तिला तिच्या फुलांची पडली होती."

इनासिणीनं सुई ओवली. फूल हातात घेतलं. कापड विटलं होतं, पण टाका तसाच होता, तेरा वर्षांच्या पोरीचा, घाईनं घातलेला. एवढंच केलं तरी पुरे होतं: चार टाके घालायचे, धागा तोडायचा, लुर्दीनला जेवू घालून बसमध्ये बसवायचं. मावशी तिचीच राहिली असती. गावात तोंडही काळं झालं नसतं. आणि वाईट ती ठरली असती, जिला आता काही ऐकू येत नाही.

तिनं दोन टाके घातले. मग उठली, पेटीतून मावशीची शेवटची कवंदी आणली आणि लुर्दीनच्या मांडीवर टाकली.

"चश्मा आहे काय गो तुझ्याकडं? लाव. हे फूल तुझ्या आईचं. टाका कुठं कलतो बघ."

"उजवीकडं."

"हा आत्ता माझा."

"डावीकडं. तू डावखुरी ना."

"आता जुना बघ. तुझ्या कवंदीचा. बाकीचे तीन कोपरे बघ."

लुर्दीननं एक कोपरा बघितला. दुसरा बघितला. तिसऱ्यावर तिचा अंगठा थांबला, आणि बरोबर तसाच फिरला जसा मावशीचा फिरला होता.

"मला तुझी वेणी बघवत नव्हती," इनासीण म्हणाली. "ती रोज घालायची. माझ्या डोक्याला तिचा हात महिन्यातून एकदा, तोही कात्रीसकट. म्हणून लावली. पेन्सिलीचं निमित्त होतं, त्याच्या आधीपासून बघवत नव्हतं."

इनासीण वाट बघत होती, लुर्दीन मारेल म्हणून. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आईला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी. टाक्यावरून."

"आणि मी एवढी वर्षं..." लुर्दीन उठली. कवंदी तिनं तशीच गोळा केली, अर्धवट फुलाला सुई लोंबकळत होती. "कुठं पुरलीय?"

"चर्चमागं. काजूच्या झाडाखाली. थांब, मी येते, वाट चुकशील."

"नको," लुर्दीन म्हणाली, आणि चपला न घालताच निघाली.

इनासीण दारात उभी राहिली. वाट चुकायची भीती नव्हती. बांध ओलांडून लुर्दीन सरळ चर्चकडंच वळली. जड बाई, धावता येत नव्हतं तरी धावत होती, कवंदी छातीशी धरून. काजूपाशी पोचली आणि तिनं हाक मारली, "आई गो!" आख्ख्या वाड्याला ऐकू गेली.

पन्नाशीच्या इनासिणीला उंबऱ्यावरच्या त्या गजऱ्याइतकंच लागलं ते. मावशीला तिनं न्हाऊ घातलं होतं, भरवलं होतं, मातीत ठेवलं होतं. पण आई म्हणून हाक मारायची तिची छाती कधी झाली नव्हती, आणि आता लुर्दीन एकाच हाकेत तिला घेऊन गेली.